पहिल्या रांगेतील निदिध्यासन

बुधवार, ५ जुलै

संकल्प. आजपासून दर बुधवारी कर्करोग संशोधन केंद्रातील सेमिनारला उपस्थित राहणे. सूनबाई तेथे संशोधक आहे. व्याख्याने सर्वांस खुली असतात, हे तिनेच एकदा अनवधानाने सांगितले होते. माझी हयात शास्त्रे शिकवण्यात गेली. परंतु ज्ञान एकाच दाराने येते असे मी मानत नाही. शिवाय सभागृहात एसी आहे.

विषय: मरायचे विसरलेल्या पेशी. वक्ता तरुण, पडद्याकडे तोंड करून बोलणारा. श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तीन पायऱ्यांपैकी तिसरीवर मी फार लवकर पोचतो, हा जुना अनुभव. आजही तसेच झाले. डोळे मिटले, चित्त एकाग्र झाले आणि थेट टाळ्याच ऐकू आल्या. शेजारच्या गृहस्थाने मला कोपराने ढोसले. त्यास समाधी ठाऊक नसावी.

प्रश्नोत्तरांत उभा राहिलो. 'प्रश्न नाही, एक छोटेसे निरीक्षण आहे,' अशी नम्र सुरुवात केली. अमरत्वाच्या लोभाने असुरांचे काय झाले, तेथून आरंभ केला. समुद्रमंथनापर्यंत पोचतो तोच संयोजकांनी माझ्या हातातला माइक दुरुस्तीसाठी काढून घेतला. पुढच्या गृहस्थाच्या हातात तो उत्तम चालत होता.

शुक्रवार, ७ जुलै

जेवताना सूनबाई म्हणाली, संयोजक विचारत होते, तुमचे सासरे दर बुधवारी येणार आहेत का? कोणत्या सुरात विचारले, असे मी विचारले. सूर नीट आठवत नाही म्हणाली. चिरंजीव खोकला. बँकेत नोकरी लागल्यापासून त्यास उपरोधाने खोकण्याची सवय जडली आहे.

उत्सुकता स्पष्ट आहे. जाणार.

बुधवार, १२ जुलै

आज आपण होऊनच पहिल्या रांगेत, मध्यभागी, वक्त्याच्या अगदी समोर बसलो. जिज्ञासूने मागे बसू नये.

एक त्रुटी लक्षात आली. वक्त्यापुढील टेबलावर हिरवा, पिवळा, लाल असा एक दिवा आहे. लाल लागला की वक्त्याने थांबायचे. हा दिवा बरेच महिने बंद आहे. परिणामी येथे बोलायला उभा राहिलेला मनुष्य खाली बसत नाही. चहा निवतो, प्रयोगशाळेतील कामे खोळंबतात, तरुण मंडळी मांडीवर हात ठेवून सोसत राहतात.

आजच्या वक्त्याचे मात्र नवल वाटले. मला निदिध्यासन लागले. काही वेळाने डोळे उघडून पाहतो तो, तो माझ्याकडेच टक लावून पाहत होता. चेहरा उतरलेला. 'बरं, मग ही शेवटचीच स्लाइड,' असे म्हणून त्याने चटकन आवरले. चिंतनशील श्रोत्यापुढे शब्द आपोआप गळून पडतात, हे ग्रंथांत वाचले होते; प्रत्यक्ष आज पाहिले.

संयोजकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, काका, तुम्ही याच खुर्चीवर बसत जा. याच. ही तुमची.

बुधवार, १९ जुलै

खुर्चीवर उशी ठेवलेली. पाठीला आणखी एक.

संयोजकांनी व्याख्यानापूर्वी कँटीनमध्ये जेवायला नेले. स्वतः वाढत होते. मी पुरे म्हणालो तरी भात वाढला. आज कोण बोलणार, असे विचारले. म्हणाले, जुने विभागप्रमुख. लॅबमधली मंडळी यांना 'मालगाडी' म्हणतात. डबे संपतच नाहीत. म्हणून म्हणतो काका, पोटभर जेवा.

सभागृहाच्या दाराशी चहावाल्या बाई किटली घेऊन उभ्या होत्या. मी कप पुढे केला. बाई म्हणाल्या, 'तुम्हाला नाही काका. साहेबांनी सांगितलंय, काकांना चहा नंतर. आधी दिला तर माझी गय नाही म्हणाले.' ज्ञानग्रहणापूर्वी उत्तेजक पेय वर्ज्य, हा नियम आधुनिक विज्ञानासही मान्य असल्याचे पाहून समाधान वाटले.

मालगाडी हे उंचपुरे, गंभीर आवाजाचे गृहस्थ. त्यांचा आवाज निदिध्यासनास फार अनुकूल आहे. जागा झालो (म्हणजे देहभानावर आलो) तेव्हा सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवीत होते. त्यांच्यासाठी असाव्यात, पण पुष्कळ जण माझ्याकडे पाहत होते.

रविवार, २३ जुलै

घरात गंभीर वार्ता. सूनबाईची नेमणूक तात्पुरती आहे. ९ ऑगस्टला तिचे व्याख्यान. बाहेरून परीक्षक येणार. त्यांना पटले तर ती कायम. न पटले तर दुसऱ्या शहरात तिला जागा तयार आहे, आणि चिरंजीवाची बँक तेथेही आहे. दोघे जातील.

मी येथून हलणार नाही, असे मी तत्काळ जाहीर केले. मला कोणी विचारले नव्हते. सूनबाईने पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

संकल्प: तिच्या व्याख्यानानंतर असे एक निरीक्षण मांडायचे, की परीक्षकांस हे घराणे कोणत्या उंचीचे आहे ते कळावे.

बुधवार, २६ जुलै

दिव्याची दुरुस्ती कधी होणार, असे संयोजकांना विचारले. हसून म्हणाले, 'दिव्याचं काय घेऊन बसलात काका, तुम्ही असताना?' विद्वत्तेची इतकी निर्व्याज स्तुती बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. मान लवविली.

कानांवर आले की शेजारच्या इमारतीतील हृदयविभागाने माझी मागणी केली होती. शुक्रवारपुरते तरी काका द्या, असे म्हणत होते. संयोजकांनी साफ नकार दिला. आमचे आम्हालाच पुरत नाहीत म्हणाले.

रविवार, ३० जुलै

सूनबाई रोज जेवणानंतर टेबलाशी उभी राहून मला व्याख्यान ऐकवते. मार्गदर्शन मागण्याची तिची ही रीत मला आवडली. विषय असा: निरोगी पेशीस शेजारणी 'आता पुरे, थांब' असा निरोप देतात आणि ती वाढायची थांबते. कर्करोगाच्या पेशीस निरोप पोचतो, पण ती मनावर घेत नाही. बोलणाऱ्याला बस म्हटले तरी तो बोलतच राहावा, तसे, असे ती म्हणाली. दृष्टांत समर्पक. अशा माणसांचा मलाही त्रास होतो.

चिरंजीव समोर चमचा घेऊन बसतो आणि मध्येच ताटलीवर टण् करून वाजवतो. वाजवला की ती वहीत खूण करते. दुसऱ्या दिवशी नेमका तेवढा भाग गाळलेला! इतक्या चांगल्या मजकुराला कात्री लावू नये, असे मी म्हणालो. ती म्हणाली, 'बाबा, तुम्हीच सांगताय काय काढायचं ते.' मी तर काहीच बोललो नव्हतो. मौनातून उपदेश करणारे गुरू पूर्वी होते. असा योग आपल्याही वाट्यास येईल असे वाटले नव्हते.

मंगळवार, ८ ऑगस्ट

आजचा पाठ फार आटोपशीर झाला. चमचा एकदाही वाजला नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिले; सूनबाईचे डोळे भरून आले. चिरंजीव म्हणाला, जिंकलीस.

मग ती माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, 'बाबा, उद्या एकच करा. नंतर उठून काही बोलू नका. माझ्यासाठी.' विनय! थोरांपुढे आपले कौतुक नको, म्हणून मलाच आवरते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोललो नाही. ज्यास वचन म्हणता येईल असे काहीच मी दिलेले नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

निरीक्षण तयार. तीन भागांत. पहिला भाग प्रस्तावनेचा.

बुधवार, ९ ऑगस्ट

जे घडले ते क्रमाने लिहितो.

परीक्षकांना माझ्या शेजारची खुर्ची दिली होती. रात्रभराचा प्रवास करून आलेले, कोटाला सुरकुत्या. बंद दिव्याकडे बोट दाखवून त्यांनी संयोजकांस काही विचारले. संयोजक त्यांच्या कानात कुजबुजले आणि माझ्याकडे बोट दाखविले. परीक्षकांनी मला आपादमस्तक न्याहाळले. ओळख करून दिली असावी.

सूनबाई उभी राहिली. खिशातील निरीक्षणामुळे माझे चित्त आज निदिध्यासनाकडे वळेना. ओठांतल्या ओठांत प्रस्तावना घोकत, डोळे सताड उघडे ठेवून मी बसलो. मागे कुजबुज सुरू झाली. 'जागे आहेत?' 'जागे आहेत रे!' लोक मान उंचावून माझ्याकडे पाहू लागले. संयोजक तर पडद्याऐवजी माझ्याकडेच पाहत होते. सूनबाई मात्र शांत. तिचे बोलणे वाहत गेले आणि नेमके जेथे थांबायचे तेथे थांबले. परीक्षकांनी दोन अवघड प्रश्न विचारले; तिने दोन सोपी उत्तरे दिली.

'आता चहा,' असे संयोजक म्हणाले. मी उभा राहिलो.

सूनबाईने डोळे मिटून घेतले. संयोजक माइक घेण्यास धावले, परंतु मी माइकवाचून बोलणारा मनुष्य आहे. प्रस्तावना उत्तम चालली होती. पंचमहाभूतांपैकी तिसऱ्यावर आलो. आणि माझ्या उजव्या हातास, त्या प्रवासाने शिणलेल्या परीक्षकांची मान हळूहळू खाली येऊन छातीवर टेकली.

मग कोणीतरी सवयीने टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्यांनी. माणसे उठली, वह्या मिटल्या, खुर्च्या सरकल्या. मागच्या रांगेतून खुद्द मालगाडी ओरडले, 'शेवटची स्लाइड, काका! शेवटची स्लाइड!' माझ्याजवळ एकही स्लाइड नव्हती. टाळ्यांनी परीक्षक दचकून जागे झाले आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

चहापाशी बाईंना विचारले, हा काय प्रकार? त्या म्हणाल्या, 'काका, मान पडली की आवरायचं, असा नियमच झालाय आता इथं. दिवा बंद पडला ना. तुमच्यावरनंच पडला हा नियम.' कोणाची मान, असे मी विचारले. बाईंनी कपात चहा ओतला, साखर जास्त घातली आणि म्हणाल्या, 'घ्या, गरम आहे तोवर.'

घरी येऊन सूनबाईला विचारले: येथे टेबलाशीही हाच नियम? चिरंजीवाने हातातला चमचा ताटाखाली सरकवला.

मी झोपत नाही, हे मी दोघांसही स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. निदिध्यासनात मान कधी कधी खाली येते. ग्रंथांत आधार आहे. शोधून ठेवतो.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

सूनबाई कायम झाली. कोणी कोठे जात नाही.

निकालाच्या बैठकीत संयोजक म्हणाले म्हणे, या व्याख्यानात आमचे काका जागे होते. याहून मोठी कसोटी आमच्या संस्थेत नाही. परीक्षकांनी ते हसून मान्य केले. मात्र पहिल्या रांगेतली ही प्रथा संस्थेच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, ताबडतोब नवा दिवा बसवा, असा शेराही मारून गेले. स्वतः मान टाकली होती, हे विसरले.

सूनबाई म्हणाली, 'बाबा, तुमच्यामुळे झालं हे.' कोणत्या अर्थाने, ते मी विचारले नाही. काही वाक्यांवर भाष्य करू नये.

आधार अद्याप सापडलेला नाही.

बुधवार, २३ ऑगस्ट

नवा दिवा आला आहे. फारच प्रखर. माझी खुर्ची चौथ्या रांगेत, खांबाशेजारी. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यांपलीकडची चौथी ती तुरीय अवस्था, असे मनाशी म्हटले. उशी नव्हती.

दाराशी बाईंनी आपण होऊन चहा पुढे केला. मी संयोजकांकडे पाहिले. ते दिव्याची वायर नीट करण्यात गुंतले होते. दोन कप घेतले. कोणी अडवले नाही.

वक्ते: मालगाडी.

हिरवा लागला. पिवळा लागला. लाल लागला. मालगाडींनी चष्मा काढला, लाल दिव्याकडे पाहिले, त्यावर आपला रुमाल टाकला आणि पुढची स्लाइड घेतली. त्यानंतर पुढची. तरुण मंडळी मांडीवर हात ठेवून सोसू लागली. मग एक जण मागे वळला. मग दुसरा. हळूहळू सारे सभागृह वळून खांबाकडे, माझ्याकडे पाहू लागले. संयोजकांनी दुरून हात जोडले. तिसऱ्या रांगेतून सूनबाई अगदी हळू म्हणाली, 'बाबा, प्लीज.'

एवढ्या लोकांना माझी खरोखर गरज आहे, हे प्रथमच इतके स्पष्ट कळले. मी डोळे मिटले. श्वास लांबविला. मान टाकून पाहिली. टेबलाशेजारून मालगाडींचा आवाज आला, 'काका, नाटक नको. पापण्या हलताहेत.'

व्याख्यान आरंभापासून अखेरपर्यंत, प्रत्येक शब्द जागेपणी ऐकला. भयंकर होते.

चहा फारच कडक करतात त्या बाई.