उजवीकडून वाचायचं पान

नांदुरा,
२ नोव्हेंबर १९४१

प्रिय बिलकिस,

परवा हैदरभाई तुझा निरोप घेऊन आले. तुझ्या अम्मी उन्हाळ्यात गेल्या हे कळलं होतं, पण मी तुला दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, त्याची लाज वाटते. धाड गावी, तुझ्या सासरी, नणंदेची मेंदी पंधरा दिवसांवर आली आहे, सासरच्या बायका अम्मींचं ते गाणं म्हण म्हणून मागे लागल्या आहेत आणि तुला शब्द आठवतात पण चाल अर्ध्यात सुटते, असं ते म्हणाले. शाळेत आपण हातानं लिहून काढलेल्या मासिकातलं ते पान तुला हवं आहे. अम्मींचं गाणं लिहून ठेवलेली जगात तेवढी एकच जागा आहे, हे मलाही ठाऊक आहे.

अंक माझ्याचकडे आहे. संपादक म्हणून मला मिळाला, तो लग्नानंतरही मी पेटीच्या तळाशी सांभाळला. काल काढून बसले आणि आधी खूप हसले. पुण्याहून डाकेनं येणारं संगीताचं मासिक समोर ठेवून आपण सातवीतल्या पोरींनी त्याची काय हुबेहूब नक्कल केली होती! आधी कमळावर सरस्वती, मग वंदन, मग माझं संपादकीय, ‘हे पहिले पुष्प रसिकांच्या चरणी’ वगैरे. त्यांच्या मासिकात लंबगोल चौकटीत पगडीवाले बुवा असायचे. आपल्याकडे बुवा कुठून येणार, म्हणून पेटी शिकवणाऱ्या नारायणराव मास्तरांचं चित्र काढलं आणि काळ्या टोपीऐवजी त्यांना पगडी चढवली. ती पाहून ते दोन दिवस आपल्याशी बोलले नाहीत. शेवटच्या पानावर हार्मोनियमची जाहिरातसुद्धा आहे, ‘किंमत पत्राने विचारावी’. कोणी खरंच विचारली असती तर आपण काय सांगणार होतो कोण जाणे.

आणि मग तुझा भाग. उर्दू शाळेतून तू आमच्यात आलीस ती त्याच्या आदल्याच वर्षी, आणि सरळ म्हणालीस की माझी पानं उजवीकडून उघडतील. मी वाद घातला. मासिकाला मुखपृष्ठ एकच असतं, असं मोठ्या जाणतेपणानं सांगितलं. तेव्हा तुझे अब्बा, फकीर मोहम्मद चाचा, दुकानात आपल्याच अंकाची बांधणी करायला बसले होते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद कालवता कालवता मान वर न करता ते म्हणाले, “किताबले दोन दरवाजे असले तं काय बिघडते वो?” झालं. एकीकडून माझी सरस्वती, दुसरीकडून तुझी वेलबुट्टी, आणि दोन्ही बाजू मधल्या पानावर भेटणार, असं ठरलं. तुझ्या बाजूलाही तू लंबगोल चौकट काढलीस, पण तसबीर नको म्हणून ती रिकामी ठेवलीस आणि खाली अम्मींचं नाव लिहिलंस, ‘ढोलक व गाणे : अमीना’. ती रिकामी चौकट मी काल किती वेळ पाहत होते.

मधल्या पानावर ते गाणं. शब्द उर्दूत उजवीकडून जातात आणि सूर मराठीत डावीकडून, मग सुराखाली शब्द येणार कसा, हे मला सुटत नव्हतं. तू स्वरलिपीचा सगळा तक्ताच फिरवलास. सम अगदी उजव्या घरात, तिथून एक ते आठ मात्रा डावीकडे. मी वर्गात सवयीनं डावीकडून गायला लागले आणि गाणं शेवटाकडून सुरू झालं. पोरी हसून लोळल्या. मास्तर तेवढे हसले नाहीत. “थांब वो, हे तिकडून वाचाचं आहे,” म्हणाले, आणि एकेका घरावर बोट ठेवत स्वतः गायले. तुझ्या अम्मींना न पाहिलेला माणूस, पण त्यांचा आवाज, त्यांचं मध्येच थांबणं, सगळं त्या घरांतून बाहेर आलं. तालातल्या ‘खाली’च्या दोन घरांत तू सूर लिहिलेच नव्हते, ‘इथे सगळ्या हसतात’ असं लिहिलं होतंस. मास्तर तिथे खरोखर थांबले. असं कुठल्या मासिकात असतं बिलकिस? माझ्या अंगावर तेव्हा काटा आला आणि काल पुन्हा आला. चौदा वर्षांची होतीस तू. कायदा सगळा पाळलास आणि जिथे तो अपुरा पडला तिथे आपला नवा केलास. मी आता गावातल्या मुलींना गाणं शिकवते, पण ते धाडस माझ्यात आजही नाही.

आता जे नऊ वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. अंकातल्या सर्वांत चांगल्या पानाला बक्षीस द्यायला बुलढाण्याचे परीक्षक येणार त्याच्या आदल्या दुपारी मी चाचांच्याच दुकानातून वाटीभर खळ आणली आणि तुझ्या पानावर कोरा कागद डकवला. वर वेल काढून ‘समाप्त’ लिहिलं. पान चुकीचं वाटलं म्हणून नाही. ते पाहिलं असतं तर बक्षीस तुझं झालं असतं, म्हणून. बक्षीस मला मिळालं आणि परीक्षकांना तुझं पान फार आवडलं, असं मी तुला सांगितलं. तू त्या दिवशी तापानं घरी होतीस, तू विश्वास ठेवलास. काल आणि आज दुपारी भाताच्या वाफेवर धरून तो कागद मी केसाकेसानं सोडवला. चाचांची खळ पक्की होती. चौथ्या ओळीतले तीन सूर कागदाबरोबर निघून गेले. मला अंदाजानं ते भरता आले असते, तुला कळलंही नसतं, पण या पानाला मी एकदा हात लावला तेवढा पुरे. अख्खा अंक हैदरभाईंबरोबर पाठवते आहे, तो तुझा आहे. चौथ्या ओळीपर्यंत गात ये, कदाचित पुढचे तीन सूर आपसूक तोंडात येतील. नाही आले तर मेंदीत जमलेल्या बायकांना ते का नाहीत ते सांग, माझं नाव घेऊन सांग.

अजून ठेवशील तर तुझीच,
कोकिळा