सातवी मेणबत्ती

दैर सफसाफ,
कियाक महिना, रविवार दुपार

प्रिय वनीस,

देवाची शांती तुझ्याबरोबर असो. आम्ही सगळे बरे आहोत. तूही पोर्ट सईदला बरा असशील, पोटभर जेवत असशील, अशी आशा आहे.

इकडे थंडी पडली आहे. सकाळी नदीवर इतकं धुकं उतरतं की पलीकडचा काठ दिसत नाही. नुसती गाडीची शिट्टी ऐकू येते, आणि वाटतं, गाडी पाण्यावरूनच चालली आहे. गहू पेरून झाला. म्हैस दुधावर आहे, पण नाताळचे उपवास चालू असल्याने सगळं दूध शेजारी सनिय्याकडे जातं. ती म्हणते, तुम्हा ख्रिस्ती लोकांचे उपवास सावकाश होऊ द्या, तोवर माझी नातवंडं गुटगुटीत होतात.

माझी दमयाना बाळंत झाली. मुलगा आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तेच लिहायला बसले आणि म्हशीवर जाऊन पोचले.

दोघं सुखरूप आहेत. पोरगा सावळा आहे, केस दाट आहेत, आणि डावी भुवई जरा वर चढलेली असते, समोरचा माणूस थापा मारतोय असं आधीच ठाऊक असल्यासारखी. ती भुवई कोणाची ते तुला सांगायला नको. विहीणबाई जलीलांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भुवई बोटाने हळूच खाली दाबून पाहिली. मग म्हणाल्या, नाक मात्र तुमच्याकडचं आलं, बिचाऱ्याचं.

काल बाळाचा सातवा दिवस केला. लबीबला, बाळाच्या बापाला, जाऊन वर्षही झालेलं नाही, म्हणून गाणीबजावणी नको असं ठरलं होतं. पण सनिय्या कसली ऐकते. तिने बाळाला चाळणीत निजवलं, अंगावर धान्य उधळलं, आणि पितळी खलबत्ता त्याच्या कानाशी असा काही वाजवला की पोर दचकून हसल्यासारखं झालं. "आईचं ऐक रे बाबा," ती म्हणाली. "आजी दोन आहेत, त्यांचं ऐकायला लागलास तर वेडा होशील." जलीलाबाईंना हसू आलं. लबीब गेल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं हसू असेल.

मग नाव ठेवायच्या मेणबत्त्या लावल्या. तुझ्या वेळी आईने लावल्या होत्या तशाच, परातीत, मधे तोटीची सुरई ठेवून. सात मेणबत्त्या, सात नावं, शेवटपर्यंत तेवेल तिचं नाव बाळाचं. सनिय्याला ही आपली रीत फार आवडते. तिचं म्हणणं, तुम्ही नाव ठेवायचं कामसुद्धा देवावर ढकलता आणि आपण शेंगा खात बसता.

दमयानाने नावांच्या चिठ्ठ्या स्वतः लिहून मेणबत्त्यांना चिकटवल्या. मीना, जिरजिस, अब्राम, बूला, तादरुस. लबीबच्या नावाची मेणबत्ती विहीणबाईंनी घरून आणली होती. कसली मेणबत्ती, खांबच होता तो. बाकीच्या करंगळीएवढ्या, ही मनगटाएवढी. सगळ्यांनी पाहिलं आणि परातीत तिच्यासाठी जागा केली. मुलगा गमावलेल्या आईने थोडी लबाडी केली तर देवही काणाडोळा करत असेल.

सातवी कमी पडत होती. सनिय्याने वीज गेल्यावर लावायची घरातली अर्धी जळलेली मेणबत्ती आणून दिली. उन्हाळ्यात कधीतरी वितळून वाकलेली होती ती. दमयानाने तिच्यावर चिठ्ठी लावली. "ही कोणाची ग?" सनिय्याने विचारलं. तिला वाचता येत नाही. "एका संताची," दमयाना म्हणाली आणि बाळाला पदराखाली घेऊन बसली. मी चिठ्ठी वाचली होती.

नदीकडची खिडकी जरा उघडी होती. वारा फारसा नव्हता, पण मेणबत्तीला तेवढाही पुरतो. एकेक विझत गेली. जिरजिस, मग तादरुस. प्रत्येक नाव गेलं की सनिय्या त्या संताची समजूत घालायची, पुढच्या वेळी बघू हं. अब्राम, बूला, मीना. शेवटी दोनच राहिल्या, तो खांब आणि ती वाकडी. वाकडीची ज्योत खिडकीकडे कलायची, निळी व्हायची, परत उभी राहायची. वनीस, माझा हात सारखा वर यायचा. फक्त खिडकी लोटायची, एवढंच तर होतं. मी मनगटावरचा गोंदलेला क्रूस दुसऱ्या हाताने धरला आणि म्हटलं, प्रभू, खिडकी तुझी, वारा तुझा, मी आपली बसते. पण बसवत नव्हतं. आयुष्यभर रोज दहा वेळा "देव आहे" म्हणणारी मी, आणि एका मेणबत्तीसाठी हात मांडीवर राहीना.

आणि मग लबीबची मेणबत्ती विझली. जाड होती म्हणूनच विझली. भोवती एवढं मेण वितळलं की वातच त्यात बुडाली. कोणी "बुडाली" हा शब्द काढला नाही. जलीलाबाईंनी मेणात बोट घालून वात वर काढली, हलक्या हाताने पुसली आणि परत ठेवून दिली. म्हणाल्या, राहू दे, त्याचं नाव त्याचंच राहू दे.

वाकडी मेणबत्ती त्यानंतरही बराच वेळ जळत होती.

मला काही दिवसांपासून एक स्वप्न पडतं. नदीवर धुकं असतं, आणि त्यातून लबीब गेला ती आपली भुशाची नाव येत असते, वल्ह्यांचा आवाज नाही, काही नाही. भुशावर कोणीतरी पांघरूण घेऊन निजलेलं असतं. मी काठावरून विचारते, कोण आहे? उत्तर येत नाही. पण मला भीती वाटत नाही. निजलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो, एकसारखा, शेतावरून दमून आलेल्या माणसासारखा. सकाळी पीठ मळताना तो श्वास अजून कानात असतो. उन्हात फुगायला ठेवलेल्या भाकरीवर सुरीने क्रूस ओढते आणि वाटतं, हिच्यातही कोणीतरी निजलं आहे.

हे मी अबूना सिदराकना सांगितलं. ते म्हणाले, शुभवर्तमानात प्रभू नावेत निजला होता, वादळ चालू असताना. मी म्हटलं, तेव्हा शिष्यांनी उठवलं तर उठला, मग आमच्या वेळी का नाही उठला? अबूनांनी शेंगांची परडी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, शफीका, ह्याचं उत्तर मला आलं असतं तर मी एवढ्याशा गावात पाद्री होऊन कशाला राहिलो असतो? मग आम्ही दोघांनी शेंगा खाल्ल्या.

जाताना तू मला म्हणालास, "देव असेल ताई, पण त्या दिवशी नावेत नव्हता." मला एवढंच माहीत आहे, की भुसा आणताना वाऱ्याने तुमची दोघांची नाव कलंडली आणि तू तीनतीनदा तळाशी गेलास. वर आलास तेव्हा तुझ्या हातात लबीबची शाल होती. आणि मला हेही माहीत आहे, की काठावर माझ्या मुलीने तुला विचारलं, "मामा, तू कसा आलास वर?" तू तसाच ओल्या कपड्यांनी चालत गेलास, आणि दफन झाल्यावर गावातूनच गेलास. ती तेव्हा पोटुशी आहे हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

गावातल्या फहमीचा मुलगा तिकडे बंदरावर तुला भेटला होता. त्याने सांगितलं, तू बोटी रंगवतोस, पण जमिनीवर ओढून ठेवलेल्याच. पाण्यातल्या बोटीवर पाय ठेवत नाहीस. तो हसत सांगत होता. मी हसले नाही.

कारण मीही ठेवत नाही. लबीब गेल्यापासून मी नदी ओलांडलेली नाही. पलीकडच्या बाजाराला सनिय्या जाते आणि माझं सामान आणते. सगळ्यांना सांगते, गुडघे धरलेत. बाजारात तेल महाग झालं की देव आहे, पोराला ताप आला की देव आहे, सनिय्याच्या नातवाच्या उशाशी बसून त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा मीच म्हणते आणि तिला सांगते, घाबरू नकोस. धक्क्यापाशी गेले की पाय परत फिरतात. सनिय्याला कळलं आहे. परवा म्हणाली, "तुझा देव नदीच्या ह्याच काठावर राहतो का ग?" टोमणाच होता, पण मला रात्रभर पुरला.

आता ती चिठ्ठी. तू ओळखलं असशीलच. बाळाचं नाव वनीस आहे.

दमयानाने सगळ्यांना बजावलं आहे, की हे हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत वनीसचं नाव आहे, दुसऱ्या कोणी फुशारून जायचं कारण नाही. चमचा सापडत नसला तरी आपण त्याच संताला साकडं घालतो, तेव्हा कोणी शंकाही घेतली नाही. पण मेणबत्ती शेवटी विझली तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मामाला लिही. म्हणावं, तो प्रश्न मी परत घेतला."

नाताळ झाल्यावर, बाळाचे चाळीस दिवस भरले की बाप्तिस्मा आहे. अबूना त्याला तीनदा पाण्यात बुडवतील आणि तीनदा वर काढतील. वर आल्यावर त्याला घ्यायला कोणीतरी पुढे उभं लागतं, ओलं पोर निसटू न देणारं. दमयाना म्हणते, ते हात मामाचे हवेत. मी तिला विचारलं, नक्की? तर म्हणाली, त्याने शाल सोडली नव्हती, माझं पोर सोडेल का? जलीलाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या नुसतं म्हणाल्या, त्याला सांगा, गरम कपडे घेऊन ये, देवळात गारठा असतो.

गाडी पलीकडच्या काठाला थांबते आणि इकडे यायला नावेशिवाय वाट नाही. हे तुला माहीत आहे आणि मलाही. म्हणून मी ठरवलं आहे. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी सनिय्याबरोबर पलीकडे येणार आहे. ती म्हणाली, नावेत ओरडलीस तर मी ओळख दाखवणार नाही. मी म्हटलं, मनातल्या मनात ओरडेन.

तू गाडीतून उतरशील तेव्हा धुकं असेल. मी धक्क्यावर दिसले नाही तरी असेन. हाक मार. मग आपण दोघं मिळून परत येऊ. तुला भीती वाटली तर माझा हात धर, मला वाटली तर तुझा धरेन, आणि दोघांनाही वाटली तर भुशावर कोण निजलं आहे त्याला उठवू. नाही उठला, तरी तो नावेत आहे एवढं धरून वल्ही मारू.

आणि तू आला नाहीस, तरी मी नदी ओलांडलेली असेल. परत येताना एकटी असेन, इतकंच.

बाळ उठलं आहे. दमयाना त्याला हाक मारते आहे. तुझ्या नावाने घरात हाक ऐकली की मी अजून दाराकडे बघते.

पलीकडच्या काठावर तुझी वाट पाहणारी,
तुझी ताई,
शफीका