जिकडे तिकडे तुफान

ता. ७ नोव्हेंबर १८६४, सोमवार. अमरावती. सकाळी सहा.
आजपासून डायरी. कचेरीतले साहेब लिहितात म्हणून ते पंक्चुअल असतात. कापसाच्या अडत्यानं लिहू नये असा काही कायदा नाही. वही फक्त माझ्यासाठी आहे. दुसरं कुणी वाचत असेल तर त्यानं थोडी लाज बाळगावी.
निश्चय. एक, पहाटे पाचला उठणे. आज सहाला उठलो, पण निश्चय सहानंतर केला, तेव्हा तो मोडलेला नाही. दोन, कमी बोलणे. तीन, दुकानाला नाव ठेवणे.
नाव ठरलं सुद्धा. तुफान. गेल्या वैशाखात तुफान आलं, साऱ्या बाजाराची छपरं उडाली, फक्त माझ्या दुकानाचं काही गेलं नाही. यात संकेत आहे. माणिकबाई म्हणाली, तुह्या दुकानावर छप्पर होतंच कोठी उडायले. माणिकबाई ही माझी थोरली बहीण. घर शेजारच्या गल्लीत, पण आमचं कुटुंब बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी गेल्यापासून ती माझ्याकडेच ठाण मांडून आहे. तिला मोठं चित्र दिसत नाही.
अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर कापसाला मरण नाही. अशा दिवसांत ज्याचं नाव गाजतं त्याचाच माल आधी उचलला जातो.

ता. ९ नोव्हेंबर.
उठायला सात झाले. थंडी.
बैल घेतला. पांढरा, शिंगं अशी डौलदार की बघत राहावं. आधीच्या मालकानं त्याचं नाव गरीब्या ठेवलं होतं. दिवसभर गरीब्या गरीब्या ऐकून कोणता बैल पळेल. मी त्याच्यापुढे उभा राहून तीनदा तुफान म्हटलं. त्यानं एक कान हलवला. फरक लगेच जाणवतो.
जोडीला घरचा तांबडा आहेच. त्याला नाव नाही, तो नुसता ओढतो.

ता. १५ नोव्हेंबर.
रंगाऱ्याला बोलावलं. दुकानावर बोर्ड: तुफान. कापसाच्या बांधलेल्या डोकड्यांवर मार्का: तुफान. आपल्या दमणीच्या, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीच्या, मागच्या फळीवर: तुफान. रंग उरला. कुत्र्याला रंगवता आलं नाही, पण त्याचंही नाव तेच ठेवलं. सगळ्याचं नाव एक असलं की सिस्टीम राहते.
गाडीवान सहदेव याला सिस्टीम कळत नाही. म्हणाला, मालक, तुफानले तुफानले जुंपून तुफानले मागं बांधू, का तुफानले मोकळाच पयू देऊ? मी म्हटलं, प्रश्नातच उत्तर आहे. तो बराच वेळ उभा होता.

ता. २ डिसेंबर.
अकोल्याहून सासूबाईंचा निरोप. लेकराचं नाव आत्ताच चारचौघांत घेऊ नका म्हणे.
मी घेतलंच नव्हतं. बाजारात चार जणांना सहज सांगितलं होतं की मुलगा होणार आणि त्याचं नाव तुफानराव. त्या चौघांनी चाळीस जणांना सांगितलं, त्याला माझा इलाज नाही.
निरोपाच्या शेपटाला कुटुंबाचंही म्हणणं जोडलेलं होतं. मोठं नाव ऐकलं की सटवीची नजर तिकडं जाते. धोंड्या ठेवा, कचऱ्या ठेवा, पन तुफान नको. ठेवाल तं मी लेकरू घेऊन येथीच राहीन, अमरावतीले पाय ठेवनार नाई.
हे अडाणीपण. मागची दोन मुलं गेली ती काही नावामुळे गेली नाहीत. पहिल्याचं नाव प्रतापराव होतं, दुसऱ्याचं
या विषयावर लिहायचं नाही. निश्चय चौथा.
रीतीप्रमाणे बारशाला नाव आत्यानं कानात सांगायचं. म्हणजे माणिकबाईनं. तिला आधीच पढवून ठेवलं पाहिजे म्हणून विषय काढला. म्हणाली, बैलाचं नाव मी लेकराच्या कानात सांगनार नाई, तुले सांगून ठेवतो. लुगडं घेऊन दिलं की वळेल.

ता. २० डिसेंबर.
उठण्याच्या वेळेचा उल्लेख यापुढे करणार नाही. त्यात जागा फुकट जाते.
नाव पसरलं. कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्यानं पुडीवर तुफान छापलं. तालमीतला एक पैलवान स्वतःला तुफान म्हणवून घेतो, गेल्याच आठवड्यात उताणा पडला. परतवाड्याहून येणाऱ्या मिरचीला तुफान म्हणतात. मोहाच्या दारूलाही. ती पिणाऱ्यांनाही. आगगाडीचं इंजिन अकोल्याला बघून आलेला एक जण सांगत होता की तिकडे लोक त्यालाच तुफान म्हणतात. हा सगळा माझाच रिझल्ट.
एकच गोष्ट खटकली. समोरचे अडते ओमप्रकाशशेठ यांनी बोर्ड लावला: असल तुफान. असल म्हणजे मग मी काय?
अकोल्याला एक रेशमी कुंची पाठवली. पुढच्या बाजूला कलाबतूनं तुफान काढून घेतलं आहे. एवढं सुबक काम बघितलं की सासूबाईंचा विरोध मावळेल.

ता. ५ जानेवारी १८६५.
मी बोर्ड बदलला: पहिलं तुफान. दुपारी ओमप्रकाशशेठनी बदलला: त्याच्याही पहिलं तुफान.
आता उपाय सरकारदरबारीच. अर्ज लिहिला. तुफान हा शब्द सदर सूर्यभान याच्या मालकीचा समजून इतरांस वापरण्यास मनाई व्हावी. अर्ज उत्तम झाला आहे. स्वतः दोनदा वाचला.

ता. ११ जानेवारी.
कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचून मला खुर्ची दिली. एवढा मान. मग विचारलं, मालकी तुमची ना? मी म्हटलं, माझीच. म्हणाला, छान झालं. मागच्या वैशाखात तुफानानं सरकारी गोदामाचं छप्पर नेलं, झाडं पाडली, तारेचे खांब वाकवले. मालकाचा पत्ता लागत नव्हता. नोटीस कुठं पाठवू?
मी अर्ज परत घेतला. घाईत पागोटं तिथेच राहिलं. उद्या सहदेवला पाठवीन. शब्द सर्वांचा असतो, त्यात उदारपणाच शोभतो.

ता. २२ जानेवारी, रविवार.
आज गावाबाहेर शंकरपट. बैलजोड्या कशा सुटतात ते बघायला हजार माणूस. मी तुफान आणि तांबड्याला उतरवलं. ओमप्रकाशशेठ समोरच बसले होते. मनात म्हटलं, बघा आता असल कोण ते.
थोडक्यात लिहितो. तुफान अर्ध्या वाटेवर थांबला. लोकांकडे बघितलं. बसला. हजार माणूस तुफान तुफान ओरडत होतं, त्यानं एक कान हलवला. शेवटी तांबड्यानं त्याला फरफटत टोकापर्यंत नेलं. तोवर टाइम मोजणारे जेवायला गेले होते.
तरीही एका दुपारी हजार तोंडी नाव झालं. हे ओमप्रकाशशेठना जन्मात जमलं नसतं.

ता. ३० जानेवारी.
शब्दाचा विस्तार होतोय. न्हाव्याकडे ऐकलं: एक सासू घरजावयाला म्हणाली, उठा तुफान, दुपार झाली. कचेरीत ज्या कपाटातला कागद वर्षभर हलत नाही त्याला तुफान म्हणतात. वातानं धरलेल्या गुडघ्याला तुफान. माणिकबाई तर शिजत नसलेल्या तुरीच्या डाळीलाही म्हणाली.
ओमप्रकाशशेठनी बोर्ड उतरवला. मैदान मोकळं. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही.

ता. ८ फेब्रुवारी.
मुंबईहून माल परत. आता तीन जणांच्या डोकड्यांवर तोच मार्का आहे म्हणे, कोणाचा कोणता कळेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांचाच धाडून दिला. अंगणात ढीग. कुत्रा तुफान त्याच्यावर झोपतो. वारा सुटला की तो खाटेखाली जातो.
आता एकच जागा उरली आहे जिथे हे नाव पूर्ण माझं राहील. मुलगा.

ता. २० फेब्रुवारी.
निरोप आला. १७ तारखेला पहाटे. मुलगी.
बरं.
ठीक आहे. तुफानाबाई. म्हणून बघितलं. तुफानीबाई. काहीतरी जमेल. निरोप्या म्हणाला, लहान हाये जराशी, पन डोये मोठे. डोळे आमच्याकडचे.
बारसं २८ला. माणिकबाईला घेऊन दमणीनं जायचं. वाटेत तिला दोन दिवस समजावता येईल.

ता. २३ फेब्रुवारी.
निघालो. माणिकबाईला लुगडं दिलं. तिनं घेतलं. मग नावाचं बोललो. म्हणाली, लुगडं चांगलं हाये, नाव नाई सांगनार.

ता. २५ फेब्रुवारी. मूर्तिजापुराजवळ.
काल संध्याकाळपासून इथेच. तुफान रस्त्यात बसला आहे. सहदेवनं शेपूट पिळली, गूळ दाखवला, कानात फुंकर मारली. येणारे जाणारे गाडीवान दमणीच्या फळीवरचं नाव वाचून घेतात आणि आपापल्या गाडीतल्या लोकांना उठवून दाखवतात.
निश्चय: शांत राहणे.

ता. २६ फेब्रुवारी. तिथेच. सकाळ.
अकोल्याकडून सासऱ्यांचा माणूस आला. आम्हालाच शोधत होता. पाचवीच्या पूजेपासून मुलगी दूध ओढत नाही. अंग तापलं आहे. कुटुंब कुणाशी बोलत नाही, नुसती कुंचीकडे बघून रडते.
दुसऱ्याचं नाव विक्रमराव होतं. तोही पाचवीनंतरच
मी चालत निघतो. माणिकबाई म्हणाली, जा, मी तांबड्याले घेऊन येतो, भाड्यानं दुसरा बैल पाहातो.

ता. २७ फेब्रुवारी. अकोला.
पोचलो. पाय फुटले आहेत. रीत सोडून थेट बाळंतिणीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, कुणी अडवलं नाही. एवढीशी आहे. माझ्या पंजाएवढी. डोक्यावर ती कुंची, तुफान लिहिलेली, डोळ्यांवर आलेली. मीच काढली.
कुटुंब म्हणालं, आता तरी आयका.
सासूबाईंनी सांगितलं काय करायचं ते. बापानं पाच घरं जुन्या चिंध्या मागायच्या, त्याच लेकराला घालायच्या. म्हणजे बघणारीला वाटावं, भिकाऱ्याचं पोट्टं हाये, याले नेऊन काय करू. मी म्हणणार होतो की मी अमरावतीचा अडत्या आहे. म्हटलं नाही.
झोळी घेऊन निघालो. पहिल्या घरची बाई म्हणाली, चिंध्या कोठून आनू बाप्पा? आमीच चिंध्या नेसून राहिलो. सारा कापूस तं तुमच्यासारख्या लोकाईनं गाड्या भरभरून बाहेर धाडला, घरच्या कापडाले आग लागली. दार लावलं. दुसऱ्या घरी ठिगळाला ठिगळ लावत बसले होते. उरतच नाही म्हणाले. खोटं नव्हतं. या दोन वर्षांत वऱ्हाडात सगळं झालं, चिंधी तेवढी नाहीशी झाली, आणि हे मला अकोल्याच्या गल्लीत झोळी पसरल्यावर कळलं.
अकरा घरं फिरलो तेव्हा पाच तुकडे मिळाले. एका म्हातारीनं तर डोक्याचा पदर फाडून दिला. विचारलं, कोन म्हनायचे तुमी? मी म्हटलं, कुणी नाही आजी, लेकरू आजारी आहे. ती म्हणाली, मंग असं सांगा ना बाप्पा, आनखी देतो.
सासूबाईंनी तुकडे जोडून अंगडं शिवलं. वाकडं झालं. घातलं.

ता. २८ फेब्रुवारी, मंगळवार. बारसं.
सकाळी अंग निवलं. दोनदा दूध प्यायली. मी बाहेर बसून मोजत होतो. वैद्य म्हणतात त्यांच्या काढ्यानं, सासूबाई म्हणतात अंगड्यानं. मी कुणाशीच वाद घातला नाही.
माणिकबाई दुपारी पोचली, तांबड्याच्या भरवशावर. सगळ्या बाया पाळण्याभोवती. माणिकबाईनं पदर सावरला आणि सर्वांदेखत मला विचारलं, बोल सूर्यभान, काय सांगू पोरीच्या कानात? आनलं आता येथवर, सांग तुह्यं तुफान. कुटुंबानं मान खाली घातली.
मी सांगितलं. कुणाला ऐकू गेलं नाही. माणिकबाई म्हणाली, मोठ्यानं बोल ना, एरवी तं बाजार डोक्यावर घेतं. मी मोठ्यानं बोललो नाही. तिच्याजवळ गेलो आणि तिच्याच कानात सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, वाकली आणि पोरीच्या कानात सांगितलं.
चिंधी.
बायांनी रीतीप्रमाणे माणिकबाईच्या पाठीत धपाटे घातले. कुटुंबानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. सव्वा महिना झाला की अमरावतीला निघायचं म्हणाली.
असं साधं नाव ठेवावं हा विचार माझा पहिल्यापासूनच होता.

ता. १ मार्च.
पाचला उठलो. पोरीनं उठवलं.
निश्चय, एकच. बाजारात कुणी विचारलं, काय झालं तुमच्याकडं, तर थांबायचं नाही, मान वर करायची नाही. चालता चालता सांगायचं, काही नाही, एक चिंधी मिळाली.