दुसरा पियानो

२ डिसेंबर, सोमवार

मयूरीचा, माझ्या विद्यार्थिनीचा फोन. मस्कतच्या शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी पक्की झाली! चार जानेवारीचं विमान. एवढी आनंदाची बातमी, आणि मी अभिनंदन करायच्या आधी काय विचारलं — "मग आपला बाख कधी?" माझी मलाच लाज वाटली.

पण विचारणार नाही तर काय करणार. बाखचा हा कॉन्चेर्टो दोन की-बोर्डांसाठी आहे, आणि लग्न होऊन आदिलाबादला आल्यापासून मी तो एकटीच वाजवते आहे. म्हणजे अर्धाच. बाईंकडे पियानो शिकत होते तेव्हा तो माझ्या हातात बसला नव्हता. मी सिकंदराबाद सोडताना बाईंनी पहिल्या पियानोचा भाग कॅसेटवर वाजवून दिला — "दुसरा तू वाजव, साथीला मी आहेच." बाई गेल्या. कॅसेट झिजली. व्यंकटेशने ती फोनमध्ये उतरवून दिली. आमचा पियानो इथल्या उन्हाळ्यांनी सुरात खाली उतरलाय, तारा ताणल्या तर तुटतील असं नागपूरचा ट्यूनर सांगून गेला. तर व्यंकटेशने फोनमधल्या बाईंनाही तेवढंच खाली आणलं! नवरा वीज खात्यातून निवृत्त झाला की घरात अशी कामं होतात.

जिवंत माणसाबरोबर हा कॉन्चेर्टो मी एकदाही वाजवलेला नाही. मयूरी गेली की ते राहूनच जाणार. इथे दुसरं कुणी नाही.

४ डिसेंबर, बुधवार

ठरलं. २८ तारखेला सकाळी, माझ्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये. मुख्याध्यापकांनी विचारलं, "टीचर, पाटलु उंटाया?" गाणी नाहीत म्हटलं, नाचही नाही, दोन बायका दोन पियानोंवर बसणार. "आणि भाषणं?" तीही नाहीत. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

वाद्यवृंदही नाही. मुळात हे दोन की-बोर्डांसाठीच लिहिलेलं, बाकीची साथ नंतर आली असं म्हणतात. बरं झालं. आदिलाबादला व्हायोलिनवाले कुठून आणणार होते?

८ डिसेंबर, रविवार

बेल्याहून मयूरीचे वडील नागोराव तिला घेऊन आले, जीपमध्ये मागे तिचा इलेक्ट्रॉनिक पियानो, दोन गोधड्यांत गुंडाळलेला. त्याला बटण दाबलं की तो माझ्या पियानोच्या सुराला येतो. समोरच्या खोलीत दोन्ही शेजारी-शेजारी लावले. नागोराव चहा घेऊन बाजाराला गेले. मी गरम पाण्यात बोटं बुडवून घेतली, थंडी फार आहे. आणि बसलो.

फजिती झाली. दुसरा शब्द नाही.

एकेकटीचं चोख. दोघींचं मिळून काहीच नाही. मयूरी एखाद्या ओळीच्या शेवटी जराशी रेंगाळते, आणि मी तोवर पुढच्या ओळीत. मग ती धावत येते, तर मी आणखी पुढे. तिसऱ्या भागात पहिला पियानो एकटा सुरू होतो आणि मागून मी शिरायचं असतं. मी तीनदा आधीच शिरले. सगळी सुरावट माझ्या हाताखालून गेलेली आहे, आणि मी नवशिक्यासारखी धडपडत होते.

शेवटी मयूरी हात मांडीवर ठेवून म्हणाली, "मॅडम, राग नका येऊ देऊ. तुमी थांबतच नाई."

राग आला.

९ डिसेंबर, सोमवार

व्यंकटेशला विचारलं, काल बाहेरून कसं वाटत होतं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तू त्या पोरीबरोबर वाजवूनच नाही राह्यली. तू बाईंबरोबर वाजवून राह्यली."

खरं आहे ते. बाई कधी थांबल्या नाहीत. फोनमधून थांबणार तरी कशा? मी चुकले, शिंकले, दारावर दूधवाला आला, तरी बाई पुढे चाललेल्याच. त्यांना गाठायचं एवढंच मी शिकले. दुसऱ्याला ऐकायचं, त्याच्यासाठी अडायचं, हे मला येतच नाही. आणि चाळीस वर्षांनी हे मला एका निवृत्त वीजवाल्याने सांगावं!

११ डिसेंबर, बुधवार

आज आणखी एक उलगडा. मयूरीसुद्धा तशीच आहे. लॉकडाऊनमध्ये ती बेल्याला अडकली होती तेव्हा मी तिला माझा, दुसऱ्या पियानोचा भाग वाजवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. ती त्यावर पहिल्या पियानोचा भाग बसवत राहिली. "तुमच्या रेकॉर्डिंगमधी तुमी बाराव्या ओळीले खोकलता," म्हणाली. "मी तिथं अजूनबी खोकल्याची वाट पाहतो."

हसावं की रडावं कळेना. बाईंनी मला जे दिलं तेच मी पोरीला दिलं. दोघी जणी न ऐकणाऱ्या जोडीदाराबरोबर वाढलेल्या.

१३ डिसेंबर, शुक्रवार

वाईट. मयूरी म्हणाली, कानात मेट्रोनोमचे ठोके लावून वाजवू या. नको म्हटलं. ठोक्यांवरच वाजवायचं तर मला माणूस कशाला हवा होता?

१४ डिसेंबर, शनिवार

सराव नाही. अंग मोडून आल्याचं सांगितलं. खोटं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी मयूरी न विचारता आली. "ताप उतरला?" मी हो म्हटलं. तिनेही विषय वाढवला नाही.

मधल्या संथ भागात होतो आणि वीज गेली. तिचा पियानो एकदम मुका. माझा चालूच. मी सवयीने पुढे निघाले, आणि शेजारून मयूरी गायला लागली. तिचाच भाग, नुसत्या तोंडाने, ला ला करून. तिचा आवाज पातळ आहे, वरच्या सुराला पोचत नाही. श्वास संपला की ती थांबायची. थांबली की मीही थांबायची! माणूस श्वास घेतोय आणि मी वाजवत सुटले, असं कसं करणार? मला ऐकावंच लागलं.

व्यंकटेश लाइनमनला लावायला फोन घेऊन आला. मी मानेनेच नको म्हटलं. बहुधा खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणी वीज येऊ नये म्हणून विनंती केली असेल.

वीज आल्यावरही तिने गात-गातच वाजवलं. मी पण हळूच गायले. माझा आवाज तर त्याहून वाईट. पण तिसऱ्या भागात बरोबर जागी शिरले.

१९ डिसेंबर, गुरुवार

चांगलं चाललंय. जास्त लिहीत नाही, दृष्ट लागेल.

२६ डिसेंबर, गुरुवार

माझा पियानो हॉलवर न्यायचा. मला रात्रभर झोप नव्हती. टेम्पोवाला म्हणे, दोरीने बांधू, काही होत नाही. त्याला परत पाठवला.

नागोराव ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत वीतभर नव्हे, चांगला कमरेइतका कापूस, त्यांच्याच शेतातला. म्हणाले, "काऊन घाबरून राह्यल्या बाई? मयूरीच्या आईचं काचेचं कपाट असंच आणलं होतं. तडा नाई गेला." सहा जणांनी उचलून पियानो कापसात बसवला. बसला की तो निम्मा आत गेला. मी ट्रॉलीतच त्याच्याजवळ बसले. व्यंकटेश मागून स्कूटरवर, फोटो काढत. बाजारातून जाताना एकाने नागोरावांना विचारलं, आज मार्केटला काय आणलं? "बाख," नागोराव म्हणाले. तो शब्द ते घोकून आले असणार.

दोन-तीन सूर हलले, बाकी ठीक. पेडलमधून अजून कापूस निघतोय.

२८ डिसेंबर, शनिवार

झालं.

हॉल निम्मा भरला होता. माझ्या जुन्या विद्यार्थिनी, बेल्याची दोन जीपभर मंडळी, मुख्याध्यापक पहिल्या रांगेत. पहिला भाग गेला. दुसरा तर असा गेला की मला तो संपू नये असं वाटलं. शेजारी कुणीतरी श्वास घेतं आहे आणि आपण त्या श्वासावर बोट ठेवतो आहोत, हे इतकं सुखाचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या सुखातच घात झाला. तिसऱ्या भागाच्या मध्यावर मी तिचंच ऐकत बसले आणि माझी जागा हरवली. साफ! हात की-बोर्डावर, आणि डोक्यात काही नाही. बाई असत्या तर पुढे निघून गेल्या असत्या. मयूरी गेली नाही. ती त्याच दोन मात्रांत घुटमळत राहिली, तेच फिरून वाजवत, जणू तसंच लिहिलंय. माझ्याकडे बघितलंही नाही. मला जागा सापडली. मी शिरले. मग शेवटपर्यंत दोघी बरोबर.

लोकांना काही कळलं नाही. नागोराव म्हणाले, "शेवटी शेवटी दोघी भांडून राह्यल्या होत्या का बोलून राह्यल्या होत्या, थे काई समजलं नाई. पण आइकावं वाटलं."

घरी आल्यावर व्यंकटेशने माझ्यासाठी पाणी गरम करून आणलं, बोटांसाठी.

४ जानेवारी, शनिवार

मयूरी गेली. वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिला नीट जा एवढंच म्हटलं. तिचा पियानो तिने आमच्याकडेच ठेवलाय. झाकून ठेवला.

६ जानेवारी, सोमवार

बाईंचं रेकॉर्डिंग लावलं. चार ओळी वाजवून बंद केलं. आता जमत नाही ते. एकदा माणसाची सवय झाली की संपलं. हे कळलं असतं तर हट्ट धरला असता का? बहुतेक धरला असता.

११ जानेवारी, शनिवार

मस्कतहून मयूरीचं रेकॉर्डिंग आलं. पहिल्या पियानोचा भाग, पूर्ण. सुरातही माझ्या पियानोइतकं खाली आणलेलं. खाली फक्त "तुमच्यासाठी". बसले. तिसऱ्या भागात ती जागा आली, आणि आज मी चुकले नाही, सरळ पुढे निघून गेले. रेकॉर्डिंग मागेच राहिलं. त्याच दोन मात्रांत घुटमळत, फिरून फिरून तेच. मी हात उचलले, आणि परत त्या जागेपाशी आले. तेव्हा फोनमधून तिचा आवाज आला —

"या मॅडम. घाई नाई."