तुले त्यातलं काय समजते

मॉस्को, जुलै १९८७

प्रमिला, तुले आन् घरच्या सगळ्यायले जय भीम.

माही तब्येत बरी हाये. जेवण फिकं असते, पण तू देल्लेली तिखटाची पुडी पुरून राहिली. आमच्या युनिटनं काढलेली संत्र्याच्या बागांची फिल्म इथल्या महोत्सवात दाखवली, लोकायनं टाळ्या वाजवल्या. आईचा गुडघा कसा हाये? पुष्पा शाळेत जाते ना?

रोज तीन-चार देशायचे पिक्चर पाहून राहिलो. काल हंगेरीचा होता. त्याच्यावर एक बाई माइकवरून रशियनमधी सांगत होती. मले ना हंगेरीची भाषा येते, ना रशियन. त्यात एक म्हातारी मेलेल्या नवऱ्याचे जोडे रोज पुसून दाराशी ठेवते. मी रडलो. बाजूच्या अनोळखी बाईनं मले रुमाल देला.

तवापासून तुह्यं हिरवं लुगडं डोळ्यापुढून जात नाही. सौंसरले बंगाली पिक्चर लागला होता, तू ते नेसून तयार बसली होती. "तुले त्यातलं काय समजते," म्हटलं आन् शेजारच्या दादारावले घेऊन गेलो. तू लुगडं बदलून चूल पेटवाले बसली.

प्रमिला, बंगाली मलेही येत नव्हती.

तुहा,
देवीदास