चौदा दातांची वायर

मोहबोडी, ता. चिमूर
११ जानेवारी १९९९

चि. रीतास काकाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाने आपल्या वाचनालयाला दिलेला जुना कॉम्प्युटर पोहोचला. चिमूरपासून धानाच्या तणसावर निजवून बैलबंडीने आणला. तुझी काकू म्हणते, लग्नात मले इतकं जपून आणलं नव्हतं.

आता अडचण ऐक. डब्याच्या पाठीला तोंडंच तोंडं, नाव एकावरही नाही. वाचनालयात रोज येणाऱ्या आमच्या पायलने स्वतःच नावं ठेवली: पाच छिद्रांचा गोल तो बत्तासा, नऊ दातांची ती फणी, पंचवीस छिद्रांची चाळणी. पंधरा छिद्रांची तर दोन भावंडं आहेत, एक दोन ओळींचं, दुसरं तीन ओळींचं. आणि पडद्याच्या वायरला तीन ओळींत दात चौदाच! मधल्या ओळीतला एक नाही.

उपसरपंच मुखरू गावभर सांगून राह्यला, बापूजीनं बंडी उधळली न् दात पाडला. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत मशीन परत धाडायचा ठराव आणतो म्हणे. त्याला वाचनालयाची खोली धानाच्या पोत्यांसाठी हवी आहे. पायल न् तिच्या मैत्रिणी टायपिंग शिकायला टपून बसल्या आहेत, त्यांच्यासमोर मान वर होत नाही. दात माझ्याच हातून पडला काय? भीड न धरता लिही.

माया आहेच, पत्राला उशीर करून ती जोखू नकोस.
तुझा काकाजी, बापूजी

चंद्रपूर
१५ जानेवारी १९९९

ती. काकाजींना शि. सा. न. वि. वि.

दात पडलेला नाही! त्या वायरला पुष्कळदा जन्मतःच चौदा दात असतात. त्या जागेचं कामच नसतं. मुखरूभाऊंना सांगा, बैलांनी काही केलं नाही.

पायलची नावं दुकानात सगळ्यांना आवडली. आमचा मिस्त्री तर आता चाळणीच म्हणून राह्यला. तिला सांगा: बत्तासा कीबोर्डचा, फणीचं नाव सीरियल पोर्ट, तिथे माउस. चाळणी पॅरलल पोर्ट, प्रिंटरसाठी. तीन ओळींचं व्हीजीए, ते पडद्याचं. दोन ओळींचं खेळाच्या दांडीचं, म्हणजे जॉयस्टिकचं, ते रिकामंच ठेवा. वायर जात नसेल तर जोर करू नका, काकाजी. दात वाकतात.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण आठवण ठेवा.
आपली रीता

मोहबोडी
१९ जानेवारी १९९९

चि. रीतास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मारुतीला नारळ फोडला, पण बेटा, त्याआधीच आम्ही घोळ करून बसलो. मला कष्टी पाहून नथ्थू सोनाराने रिकाम्या जागी चांदीचा दात बसवून दिला, फुकट! तो पडला जाड, आता वायर आतच जात नाही. काढ म्हटलं तर नथ्थू फुगला. म्हणतो, साऱ्या गावानं माह्या दाताची तारीफ केली, काढीन तर साऱ्या गावासमोरच. मुखरू म्हणतो, एकासोबत चौदाही निघतील, मंग पाहू.

मला झोप नाही. देवावर भार आहे, आणि नथ्थूच्या चिमट्यावर.
काकाजी

मोहबोडी
२७ जानेवारी १९९९

चि. रीतास अनेक अनेक आशीर्वाद!

निघाला! झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभेत नथ्थूने श्वास रोखून चिमटा धरला. चांदीचा दात टपकन हातात आला, चौदा जागच्या जागी. मी व्हीजीएत वायर हळूच लावली, बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं! बायांनी टाळ्या वाजवल्या.

तोच पायलने वाचलं, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला कीबोर्डचं बटण दाबा. मुखरू ओरडला, पहा, मशीन येडी आहे, जे नाही तेच दाबा म्हणते! तेव्हा ध्यानात आलं, भुईवरचा कीबोर्ड लावायचाच राहिला होता. पायलने मशीन बंद करून बत्ताशात त्याचा गोल दट्ट्या बसवला आणि पुन्हा सुरू केलं. मग तिने एका बोटाने गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं. म्हाताऱ्या गुणाबाईने ते हात लावून पाहिलं. ठरावाला हात वर करणारा एकटा मुखरू.

आज सकाळी वाचनालय उघडायला गेलो तर तोच दारात. सून आशाबाईला शिकायला घेऊन आला होता. ती पायलजवळ जाऊन बसली. तिचं पोरगं रडायला लागलं, तसं मुखरूने त्याला कडेवर घेतलं आणि उन्हात फेऱ्या मारत राहिला. मी आत ये म्हटलं, तर म्हणतो, शिकू दे भाऊ तिले, मी आहो इथी.

तुला पाहावंसं वाटते. जमेल तेव्हा ये, काकू वाट पाहते.
तुझा काकाजी, बापूजी