वाफ जिरेपर्यंत

आई, काल ताईने मी केलेलं चिकन खाल्लं. अख्खी वाटी. एवढंच सांगायला बसलोय, मध्ये भरकटलो तर ओरडू नकोस.

तिला आठवा लागलाय. फोडणीचा वास आला की उलटी, म्हणून खरवईच्या तिच्या फ्लॅटमध्ये गॅस पेटतच नाही. भावजी अंबरनाथला कारखान्यात, शिफ्ट कधीही. आठवडाभर ती बिस्किटं आणि केळ्यांवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढत नाहीये, अंडी-चिकन जाऊ दे पोटात, पण कच्चट काही चालणार नाही. मी तेव्हा हंपीला होतो. तिथली माकडं सरळ चपलाच पळवतात, माझी एक गेली, असो. भावजींचा फोन आला, "मेहुणे, या जरा." आलो. मायक्रोवेव्हमध्ये चिकन करतो म्हटल्यावर ताई उठूनच बसली. "तू? तुझ्या हातचं खाऊन बाळ आतल्या आत उलटी करेल."

तिचं काय चुकलं? कॅम्प पाचच्या आपल्या खोलीत तू जुना मायक्रोवेव्ह आणलास तेव्हापासून ती मला बघतेय. तो विकणारे सिंधी काका म्हणाले होते, "दीदी, बस लोहा मत डालना, बाकी सब ये खुद करेगा." आणि तू घरी येऊन पहिली ठेवलीस ती स्टीलची वाटी. आत चटचट ठिणग्या, ताई किंचाळत बटणाकडे धावतेय, आणि तू शांतपणे म्हणतेस, "लोहा म्हणाला तो. स्टील कुठे म्हणाला?" पण तू एकदाच चुकायचीस. मी त्याच महिन्यात फ्रिजमधला रस्सा तीन मिनिटं फुल्लवर लावला, टुंग वाजल्या वाजल्या काढला, उभ्या उभ्या गिळला आणि बॅग उचलून निघालो. दुसऱ्या दिवशी कर्जतहून पोट धरून परत. तू विचारलंस, "मध्ये गार लागला होता का?" म्हटलं, थोडासा. "मग? घंटा वाजली म्हणजे शिजलं, असं कोणी सांगितलं तुला? वाफ जिरू दे की जरा. खरं तर तुझीच जिरायला पाहिजे." मग पोट सुधारेपर्यंत मला त्या डब्यासमोर उभं केलंस. कडेचं मध्ये घे, मधलं कडेला. भाताला थालीपिठासारखं मधोमध भोक पाड, तिथेच गार राहतं.

काल तसंच केलं. तुकडे सगळे एकाच मापाचे, बोटाच्या पेरापेक्षा मोठा एकही नाही. आलं, लसूण, मीठ, चार चमचे पाणी. काचेच्या भांड्यात कडेने गोल मांडले, मध्य मोकळा, वर ताटली थोडी तिरकी. फुल्लवर नाही, मध्यम आचेवर चार मिनिटं, मग खालीवर केलं, पुन्हा चार. टुंग वाजलं. हात दरवाज्याकडे गेलाच. पण थांबलो. पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच. खिडकीतून समोरच्या नव्या बिल्डिंगची परांची बघितली, एक माणूस बांबूवर बसून निवांत डबा खात होता. मग सगळ्यात जाड तुकडा कापला. आत गुलाबी नाही, पाणी स्वच्छ.

ताईने माझ्यावर विश्वास ठेवलाच नाही. एकेक तुकडा मोडून उजेडात धरत होती, सोनाराकडे बसल्यासारखी. पहिला खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा, बादली हाताशी. दुसरा खाल्ला. मग तुकडे मोडून बघणंच बंद झालं, आणि शेवटी वाटी पुढे करून म्हणाली, "अजून आहे का रे?" आई, बादली कोरडीच राहिली. आता बाळंतपण होईपर्यंत मी इथेच आहे. भावजींना सांगूनही टाकलं. गंमत म्हणजे पाय शिवशिवत नाहीयेत.

हे पान तुला पाठवणार कुठे? ताईच्या हाती मात्र लागू देणार नाही. कारण खाता खाता तिने विचारलं, "कोणी शिकवलं रे तुला हे?" मी म्हटलं, व्हिडिओ बघितला. तुझं नाव घेतलं असतं तर ती रडली असती आणि वाटी तशीच राहिली असती, अशी मी माझी समजूत घातली. पण तुला काय फसवू? कौतुक सगळं मलाच हवं होतं.